धावड्याहून कर्लीच्या मुखापर्यंत

जालना जिल्ह्याच्या भोकरदन तालुक्यांत, अजिंठ्याच्या डोंगररांगेला लागून, धावडा म्हणून एक गांव आहे. समुद्र येथून सरळ रेषेंत मोजला तरी तीनशें किलोमीटरांहून अधिक दूर. कापूस, मका आणि मिरची हीं या मुलखाचीं पिकें. आणि उन्हाळा लागला कीं विहिरींचे तळ केव्हां दिसूं लागतील, ही येथली नित्याची चिंता. अशा गांवच्या मनुष्यानें समुद्रांतील प्राणी पाहण्यासाठीं वल्हें हातीं धरावें, ही गोष्ट प्रथमदर्शनीं कांहींशी विनोदाची वाटेल. परंतु नकाशा उघडून पाहिला तर धावड्याचा संबंध एका समुद्राशीं नव्हे, दोन समुद्रांशीं आहे. अजिंठ्याची रांग हा गोदावरी आणि तापी या दोन खोऱ्यांमधला बांध. तिच्या दक्षिण उतारावर पडलेला पाऊस पूर्णेंतून गोदावरीस मिळतो आणि बंगालच्या उपसागरास जातो. उत्तर उतारावर पडलेला पाऊस तापीच्या वाटेनें अरबी समुद्र गांठतो. (ही पूर्णा निराळी, आणि वऱ्हाडांतून येऊन चांगदेवाजवळ तापीस मिळणारी पूर्णा निराळी, नांवाच्या या सारखेपणामुळें परीक्षेंत गुण गमावणारे विद्यार्थी आजही सांपडतात.)

आमचे एक स्नेही या धावड्याचे. शेती हा त्यांचा व्यवसाय आणि पक्षी पाहणें हें त्यांचें व्यसन. जायकवाडीचा जलाशय १९८६ सालीं पक्षी-अभयारण्य म्हणून जाहीर झाला. त्या नाथसागराच्या कांठीं, दुर्बीण गळ्यांत अडकवून, त्यांनीं आपले पुष्कळ हिवाळे घालविले आहेत. तेथें थंडींत उतरणारे चिखल्या, तुतारी, सुरय, कुरव यांचे भाऊबंद समुद्रकांठींही असतात, हें त्यांस पुस्तकांवरून ठाऊक होतें. पण समुद्रावरच्या पाखरांचा दिनक्रम सूर्यापेक्षां भरती-ओहोटीच्या हातीं असतो, तो प्रत्यक्ष पाहावा, अशी त्यांची फार दिवसांची इच्छा होती. सिंधुदुर्ग जिल्ह्यांत हल्लीं कयाक नांवाच्या वल्ह्याच्या होडींतून खाडींत व किनाऱ्यालगत हिंडतां येतें, असें आम्हीं त्यांस कळविलें मात्र, आणि गेल्या माघांत ते जालन्याहून मुंबईस व तेथून कोकण रेल्वेनें कुडाळास येऊन दाखल झाले.

कयाक हा शब्द आणि ती वस्तु, दोन्ही आपल्याकडचीं नव्हेत. उत्तर ध्रुवालगतच्या बर्फाळ मुलखांतील इन्युइट लोक वाहून आलेल्या लाकडांचा किंवा हाडांचा सांगाडा बांधून त्यावर सील नांवाच्या जलचराचें कातडें ताणून बसवीत, आणि त्या अरुंद होडींतून, पाण्याचा आवाज न होऊं देतां, सीलच्याच शिकारीस जात. म्हणजे जनावराच्या नकळत त्याच्या जवळ जातां यावें, म्हणूनच ही होडी जन्मास आली. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे. आपल्या किनाऱ्यावर दिसणारी आजची कयाक प्लास्टिकची, एकसंध आणि पोकळ असते. मनुष्य तिच्या आंत न शिरतां वरच्या खळग्यांत बसतो, आणि अंगावर उडालेलें पाणी तळाच्या भोंकांवाटे आपोआप निघून जातें. वल्हें एकच, पण त्याच्या दोन्ही टोकांस पातें. उजवीकडे एकदां, डावीकडे एकदां, असें तें चालवावयाचें. दोघांची कयाक असली तर दोघांनीं एकाच ठेक्यांत वल्हवावें लागतें, नाहीं तर पातीं एकमेकांवर आपटतात. संसाराशीं तुलना करण्याचा मोह आम्ही आवरतों. कोकणच्या मनुष्यास मात्र या होडीचें फारसें नवल वाटत नाहीं. बाजूस उलांडी बांधलेली, एका खोडाची कोरलेली लहानशी होडी त्याच्या वाडवडिलांनीं जन्मभर चालविलेली असते.

आमच्या स्नेह्यांस पोहतां येतें, पण तें विहिरींतलें पोहणें. म्हणून जीवरक्षक जाकिटाचे पट्टे त्यांनीं तीन तीन वेळां ओढून पाहिले, यांत आम्हांस हंसण्यासारखें कांहींच वाटलें नाहीं. जें समुद्रावर जन्म काढणारे लोक करतात, तेंच ते करीत होते.

येथें घरांतल्या पंचांगाचा एक उपयोग सांगितला पाहिजे. तो पंचांग नित्य पाहणाऱ्या कित्येक घरांतूनही ठाऊक नसतो. तिथीचा आंकडा पाऊणपट करावा. जें उत्तर येईल तितक्या वाजण्याच्या सुमारास पूर्ण भरती. चतुर्थीस तीन, अष्टमीस सहा, द्वादशीस नऊ. चंद्र रोज सुमारें पन्नास मिनिटें उशिरानें माथ्यावर येतो, आणि भरतीही त्याच्या मागोमाग तितकीच उशिरां येते. पाऊणपटीच्या हिशेबांत हेंच गणित दडलेलें आहे. दोन भरत्यांमध्यें साडेबारा तासांच्या आंतबाहेर अंतर असतें, तेव्हां भरतीनंतर सव्वासहा तासांनीं पाणी तळास गेलेलें समजावें. हा ठोकताळा आहे, वेधशाळेचें कोष्टक नव्हे. मालवणाकडे पाणी मुंबईच्या थोडें अगोदरच चढतें व उतरतें. पौर्णिमा-अमावास्येच्या सुमारास उधाण, म्हणजे पाण्याची चढउतार फार आणि ओढही जोराची. अष्टमीच्या आसपास भांग, म्हणजे सर्वच बेतानें. नवशिक्यानें भांगाचे दिवस धरावे.

आम्हीं माघ वद्य षष्ठी धरली होती. सहाचे पाऊणपट साडेचार. पहांटे साडेचारच्या थोडें आधीं भरती, म्हणून दहाच्या सुमारास पाणी तळाशीं. सकाळीं सातास वरून निघावें, ओसरत्या पाण्याबरोबर मुखाकडे उतरावें, दांडे उघडे पडले म्हणजे पाखरें पाहावीं, आणि चढत्या भरतीवर परत यावें, असा बेत होता. वाऱ्याचाही हिशेब हाच. रात्रभर थंड झालेल्या जमिनीवरून सकाळीं समुद्राकडे जातो तो मतलई वारा, आणि दुपारीं तापलेल्या जमिनीकडे समुद्रावरून येतो तो खारा वारा. जातांना ओहोटी आणि मतलई पाठीशीं, येतांना भरती आणि खारा वारा पाठीशीं. जो हें उलटें करील त्यास त्याचे खांदे आठ दिवस आठवण देतील. आणि मतलईवर बेफिकीरपणें दूर गेलेली हलकी होडी परत आणणें हें नुसत्या खांद्यांच्या दुखण्यावर भागत नाहीं.

कर्ली नदी सह्याद्रींत उगम पावते, कुडाळ तालुक्यांतून वळणें घेत येते, आणि मालवण तालुक्यांतील देवबाग व वेंगुर्ले तालुक्यांतील भोगवें या दोन गांवांच्या मधून समुद्रास मिळते. देवबाग ही वाळूची एक लांबट जीभ आहे. एका अंगास नदी, दुसऱ्या अंगास समुद्र, आणि मध्यें माडांच्या सांवलींत घरें. आमचा वाटाड्या या देवबागचाच, गाबीत समाजाचा, विशी-बाविशीचा तरुण. तो आपल्या एकट्याच्या कयाकांतून पुढें, आणि आम्ही दोघे दोघांच्या कयाकांतून मागें, असे मुखापासून बरेंच वर, खाडीच्या एका शांत फांट्यांतून निघालों.

कांदळवन म्हटलें कीं अजूनही पुष्कळ सुशिक्षितांस चिखल, डांस आणि दुर्गंधि एवढेंच आठवतें. पाण्याच्या पातळीवर बसून त्याच्या कडेनें जाणाऱ्यास तें निराळें दिसतें. तिवराच्या झाडांखालीं चिखलांतून बोटांएवढ्या काड्या हजारोंनीं वर आलेल्या असतात. त्या काड्या म्हणजे झाडाचीं मुळें, श्वास घेण्यासाठीं वर निघालेलीं, कारण त्या चिखलांत हवा नाहीं. वाटाड्यानें तिवराचें एक पान जिभेस लावून पाहावयास सांगितलें. आमच्या स्नेह्यांनीं तें चाटलें आणि ते चकित झाले. पान खारट होतें. मुळांवाटे आलेलें मीठ हें झाड पानांतून बाहेर टाकतें. “आमच्याकडे विहीर खारटली कीं शेत गेलें म्हणून समजतात,” ते म्हणाले, “आणि हें झाड त्याच पाण्यावर संसार थाटून बसलें आहे!” पुढें कांदळ लागला. त्याच्या फांद्यांवरून हातभर लांबीच्या हिरव्या शेंगा लोंबत होत्या. त्या शेंगा नव्हेतच. तीं रोपें आहेत. कांदळाचें बीज झाडावर असतांनाच रुजतें, आईच्या अंगावर वाढतें, आणि पूर्ण झालें म्हणजे भाल्यासारखें खालीं पडून चिखलांत उभें राहतें. भरती आली तर तरंगत दुसरीकडे जाऊन लागतें. पांढरी चिप्पी हें तिसरें झाड. महाराष्ट्र सरकारनें २०२० सालीं तें राज्याचा कांदळवृक्ष म्हणून घोषित केलें. कांदळवनांच्या रक्षणासाठीं सरकारनें २०१२ पासून स्वतंत्र कक्षही चालविला आहे. ज्या जंगलाकडे आपण पिढ्यानुपिढ्या पडीक दलदल म्हणून पाहिलें, त्याला एवढा मान मिळावयास एकविसावें शतक उजाडावें लागलें.

पाणी उतरूं लागलें तसा चिखल जिवंत होऊं लागला. निवटी नांवाचा बोटभर लांबीचा मासा परांवर रेलून चिखलांतून सरपटतांना आम्हीं पाहिला. हा मासा कल्ल्यांच्या पोकळींत पाणी सांठवून ठेवतो, ओल्या त्वचेंतूनही श्वास घेतो, आणि ओहोटीचा सगळा वेळ पाण्याबाहेर काढतो. डोक्याच्या अगदीं माथ्यावर बसविलेले त्याचे डोळे पाहून तो सदैव आश्चर्यांत आहे असें वाटतें. त्याच्याच शेजारीं, रुपयाएवढे लहान खेकडे बिळांच्या तोंडाशीं उभे होते. नराची एक नांगी त्याच्या देहाएवढी मोठी, आणि दुसरी नांवापुरती. मोठी नांगी वर करून तो सारखी हालवितो. माद्यांस बोलाविणें आणि इतर नरांस धमकाविणें हीं दोन्ही कामें एकाच खुणेनें होतात. आमची होडी सरकली कीं शेंकडों नांग्या एका क्षणांत नाहींशा होत, आणि वल्हीं थांबवून बसलें कीं एकेक पुन्हां वर येई. आम्हीं घड्याळ लावून पाहिलें नाहीं, पण चिखल पूर्ववत् होण्यास सहज चार-पांच मिनिटें लागत. वर चिप्पीच्या शेंड्यावर एक ब्राह्मणी घार बसली होती. नांवानें ब्राह्मणी, आहारानें अट्टल मत्स्याहारी. पण कोकणांत यांत कोणास विसंगति वाटूं नये.

एका खडकावर वाटाड्यानें काळसर विष्ठा दाखविली. तींत माशांचे खवले आणि खेकड्यांच्या कवचांचे तुकडे स्वच्छ दिसत होते. ही ऊदाची, म्हणजे पाणमांजराची खूण. ऊद आम्हांस दिसला नाहीं. वाटाड्याच्या म्हणण्याप्रमाणें त्यानें आम्हांस पाहिलें असावें, आणि तेवढ्यावर आमच्या स्नेह्यांचें पुरतें समाधान झालें. जनावर न दिसतांही तें तेथें आहे हें कळणें ज्यास पुरतें, तोच खरा रसिक, असें आम्हांस वाटतें.

साडेनऊच्या सुमारास खाडी रुंदावली आणि मुखाजवळचा वाळूचा दांडा उघडा पडलेला दिसला. त्यावर पाखरांची दाटी. कुरव आणि सुरय एकाच दिशेस, वाऱ्याकडे तोंड करून बसले होते. पाण्याच्या कडेस चिखल्या दोन पावलें धांवत, थांबत, टिपत, पुन्हां धांवत. आमचे स्नेही हरखून गेले. नाथसागरावर दुर्बिणींतून पाहिलेले ठिपके येथें डोळ्यांनीं पाखरें म्हणून दिसत होते. त्यांनीं वल्हें हळूच पाण्यांत घातलें. तेवढ्यांत वाटाड्यानें हात वर केला. “हयसरच रवया. पुढे जांव नको.”

“अहो, आपण तर कांहींच आवाज करीत नाहीं,” आमचे स्नेही म्हणाले. “यंत्र नाहीं, धूर नाहीं. मग त्यांना भ्यावयाचें कारण काय?”

“आवाज नाय म्हणानच जास्त भियतत, काका. वाघ काय बोंबलत येता?”

या एका वाक्यांत त्या तरुणानें जें सांगितलें, तें आम्हीं पुष्कळ पुस्तकांत इतक्या थोडक्यांत वाचलेलें नाहीं. वल्ह्याची होडी निसर्गास निरुपद्रवी, अशी आपली एक सोयीची समजूत असते. धुराच्या आणि तेलाच्या दृष्टीनें ती खरी आहे. पण यंत्राची होडी दुरून कळते, सरळ वाटेनें जाते, आणि पाखरें तिची संवयही करून घेतात. कयाक मात्र उथळ पाण्यांतून, कांठाकांठानें, चोरपावलांनीं थेट अंगावर जाऊं शकते. इन्युइट शिकाऱ्यानें ती त्यासाठींच घडविली होती. आपल्या हातीं भाला नाहीं, दुर्बीण आहे, हें चिखल्यास कसें कळावें?

वाटाड्यानें मग आम्हांस पाखरें वाचावयास शिकविलें. टिपणारीं पाखरें टिपणें थांबवून माना वर करतात, ही पहिली सूचना. तीं सगळीं एकाच बाजूस चालूं लागतात, ही दुसरी. त्यांतलें एखादें ओरडतें, ही शेवटची. तिच्यानंतर थवा उठतोच. मान वर झाली कीं थांबावें, आणि माना पुन्हां खालीं जाईपर्यंत मागें सरकावें. अंतर किती असावें याचें मीटरांत उत्तर त्यानें दिलें नाहीं, आणि आमच्या मतें तेंच योग्य. तें अंतर पाखरूं ठरवितें, आणि रोज निराळें ठरवितें.

थवा एकदां उठला तर बिघडलें काय, असें कोणी विचारील. बिघडतें तें असें. या चिखल्यांपैकीं पुष्कळ मध्य आशियांतील आणि तिबेटकडील उंच मुलखांत वीण करतात. चैत्र-वैशाखांत त्यांस तिकडे परत जावयाचें असतें. त्या उड्डाणासाठीं लागणारी चरबी त्यांनीं याच वाळूंतल्या किड्यांवर व शिंपल्यांवर सांठवावयाची. पण वाळू उघडी पडते ओहोटींत, म्हणजे दिवसाउजेडीं कांहीं थोडे तास. त्या तासांत दर अर्ध्या घटकेस एखादी होडी जवळ आली, तर पाखरूं खातें कमी आणि उडण्यांत खर्च करतें जास्त. दुष्काळी मुलखांतल्या शेतकऱ्यास हा हिशेब वेगळा समजावून सांगावा लागला नाहीं. “पाण्याची पाळी चार तासांची, आणि त्यांत कोणी दर अर्ध्या तासानें मोटर बंद करीत राहिलें, तर काय भिजेल?” एवढेंच बोलून आमचे स्नेही स्वस्थ बसले. तेथें आम्ही सुमारें पाऊण तास होतों. त्या वेळांत त्यांनीं वहींत काय काय टिपलें तें त्यांचें त्यांस ठाऊक. पण एकही पाखरूं उठलें नाहीं, हें आम्हीं स्वतः पाहिलें.

दहा वाजून गेले, पाण्याची ओढ मंदावली, तेव्हां कोठें वाटाड्यानें मुख ओलांडूं दिलें. नदीचें पाणी बाहेर ओढत असतां समुद्राची लाट आंत येत असली म्हणजे मुखावरच्या उथळ जागीं दोहोंची टक्कर होऊन लाट उभी राहते आणि फुटते. पाणी थबकलें कीं तीच जागा नरम पडते. नरम म्हणजे काय तें मात्र पाण्यावर बसल्यावर कळतें. कयाकांतल्या मनुष्याचे डोळे पाण्यापासून दोन हातांहून फारसे वर नसतात; होडी लाटेच्या खळगींत गेली कीं किनारा, माड, डोंगर सगळें क्षणभर नाहींसें होतें. आमच्या स्नेह्यांनीं पहिल्या चार-पांच लाटांस कांहींतरी स्तोत्र पुटपुटल्याचा आम्हांस संशय आहे. नंतर त्यांचा ठेका बसला.

भोगव्याच्या किनाऱ्यास समांतर, लाटा फुटतात त्याच्या बऱ्याच बाहेरून, आम्ही दक्षिणेस निघालों. डॉल्फिन प्रथम दिसला नाहीं, ऐकूं आला. पाठीमागें कोणी मोठ्यानें श्वास सोडावा तसा एक फुस्कारा झाला, आणि आमच्या स्नेह्यांनीं गोठ्यांतली म्हैस आठवून मागें वळून पाहिलें. करड्या रंगाची एक पाठ, तिच्यावर लांबट उंचवटा, उंचवट्यावर लहानसा पर. सावकाश वळली आणि पाण्यांत गेली. मग दुसरी, आणि तिच्या कडेस चिकटून एक लहान. यंत्राच्या होडींतून हा श्वास कोणास ऐकूं येत असेल असें आम्हांस वाटत नाहीं. आम्हीं वल्हीं मांडीवर आडवीं ठेविलीं. तीं तिघें आमच्यापासून दूर गेलीं नाहींत कीं जवळ आलीं नाहींत. आपल्या कामांत होतीं.

याला येथले मासेमार गादा म्हणतात. शास्त्रज्ञांनीं २०१४ सालीं हिंदी महासागरांतील या कुबडाच्या डॉल्फिनास पॅसिफिकमधल्या भाऊबंदांहून निराळी जाति मानलें, आणि जगांतील संकटग्रस्त प्राण्यांच्या यादींत त्याची गणना होते. आपल्याकडे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टांत त्यास स्थान आहे, म्हणजे कायद्यानें वाघाची बरोबरी. तो खोल समुद्रांत राहत नाहीं. किनाऱ्यालगतचें उथळ पाणी आणि नद्यांचीं मुखें हें त्याचें घर, आणि दुर्दैवानें मनुष्याची सारी गडबडही तेथेंच. गढूळ पाण्यांत त्यास डोळ्यांचा उपयोग थोडा. स्वतः काढलेल्या आवाजाचा प्रतिध्वनि ऐकून तो मासा शोधतो व वाट काढतो. त्याच पाण्यांत यंत्रांचा घरघराट भरला तर त्याची स्थिति दाट धुक्यांत सांपडलेल्या मनुष्यासारखी होते.

पुढें काय झालें तें थोडक्यांत सांगतों. दोन यांत्रिक होड्या उत्तरेकडून आल्या. प्रत्येकींत पंधरा-वीस मंडळी. त्यांत आपल्या घरांतल्यासारखीं चांगलीं माणसें, मुलें, आजीबाई. कोणीतरी बोट दाखविलें, ओरडा झाला, आणि दोन्ही होड्या पाठी दिसल्या त्या जागीं वेगानें आल्या. एक पुढून, एक मागून. डॉल्फिन बुडाले. बराच वेळ कांहींच वर आलें नाहीं. मग अगदीं लांब, निवतीच्या बाजूस, एकदां पाठ दिसली, आणि होड्या तिकडे वळल्या. लहान पिलू पुन्हां दिसलें नाहीं. तें आईच्या पलीकडल्या अंगास असावें.

आमच्या स्नेह्यांनीं रागानें होडीवाल्यांस दूषणें देण्यास आरंभ केला. वाटाड्यानें त्यांस थांबविलें नाहीं, पण परत येतांना, आमच्या बाजूनें वल्हवीत, त्यानें आपल्या घरची गोष्ट सांगितली. त्याचा चुलता अशी होडी चालवी. गिऱ्हाईक आधींच ठरवी कीं डॉल्फिन दिसला तर पैसे, नाहीं तर नाहीं. दिसला तरी “आणखी जवळ घ्या, फोटो नीट येत नाहीं,” हा आग्रह चालूच. ज्या होडीवाल्यानें अंतर राखलें, त्याच्या होडींत दुसऱ्या दिवशीं माणूस बसत नसे. म्हणजे पाठलागाची आज्ञा सुकाणूवरून सुटत नाहीं. ती बांकावरून सुटते. त्या बांकावर बसणारे कोण, हें या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नको. सुट्टीत मुलांस घेऊन तारकर्ली-देवबागास जाणाऱ्या कुटुंबांची संख्या आपल्यांत थोडी नाहीं. होडींत बसण्यापूर्वीं “डॉल्फिन न दिसला तरी ठरलेले पैसे देऊं, पाठलाग करूं नका” एवढें एक वाक्य बोललें, तर त्यास खर्च पडत नाहीं, आणि होडीवाल्यास तें ऐकून जें वाटतें तें आम्हीं त्या मुलाच्या तोंडावर पाहिलें आहे.

भरती चढत होती आणि खारा वारा सुटला होता. परतीचा प्रवास जवळजवळ फुकटचा झाला. भोगव्याच्या वाळूवर उतरून आम्हीं पोहे आणि शहाळीं यांवर न्याहरी उरकली, तेव्हां वाटाड्यानें समुद्रकांसवांची हकीकत काढली. रत्नागिरी जिल्ह्यांतील वेळास येथें २००२ सालीं चिपळूणच्या सह्याद्रि निसर्गमित्र या संस्थेनें गांवकऱ्यांच्या साह्यानें कांसवांच्या अंड्यांचें रक्षण सुरू केलें. आतां कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर, वेंगुर्ल्याजवळ वायंगणीस सुद्धां, तें काम होतें. पण आमच्या स्नेह्यांस विशेष मौज वाटली ती पुढच्या गोष्टीची. ओडिशाच्या किनाऱ्यावर २०२१ सालीं एका मादीच्या परास क्रमांकाची पट्टी लावली होती. तीच मादी २०२५ च्या जानेवारींत गुहागरच्या वाळूवर अंडीं घालतांना सांपडली. दोन किनाऱ्यांवरचीं कांसवें निराळीं, असें जें मानीत, त्यांस या एका मादीनें विचारांत पाडलें. “म्हणजे आमच्या डोंगराच्या दोन्ही उतारांचें पाणी जेथें जातें, तीं दोन्ही टोंकें हिनें पाहिलीं,” आमचे स्नेही म्हणाले, आणि वहींत तिचा मार्ग काढण्यासाठीं हिंदुस्थानचा एक वांकडातिकडा नकाशा रेखाटूं लागले.

दुसऱ्या दिवशीं आम्ही वेंगुर्ल्यास गेलों. तेथें मांडवीच्या खाडींत स्वामिनी बचत गटाच्या स्त्रिया २०१७ पासून स्वतः वल्हवीत प्रवाशांस कांदळवन दाखवितात. झाडांचीं नांवें, खेकड्यांच्या जाति, सगळें त्यांच्या तोंडीं. ज्या चिखलांत त्यांच्या सासवांनीं कालवें वेंचलीं असतील, त्याच चिखलाची माहिती सांगून मिळविलेला पैसा त्यांच्या घरीं येतो. कयाकांत बसण्याचें ज्यांस वयामुळें किंवा प्रकृतीमुळें जमणार नाहीं, त्यांनीं ही होडी अवश्य धरावी. पावसाळ्यांत मात्र कोणी या वाटेस जाऊं नये. नारळी पौर्णिमेपूर्वीं नाव समुद्रांत लोटूं नये हा किनाऱ्याचा जुना नियम आहे, आणि तो भावनेपेक्षां अनुभवावर बसविलेला आहे. कार्तिकापासून फाल्गुनापर्यंतचे दिवस उत्तम.

धावड्यास पोहोंचल्यावर आमच्या स्नेह्यांचें पत्र आलें. मिरचीचा भाव, विहिरीची पातळी, आणि शेवटीं एक ओळ: पुढच्या वर्षाचें पंचांग अजून हातीं आलें नाहीं, तरी माघांतल्या दोन्ही षष्ठ्या त्यांनीं आमच्या नांवें राखून ठेविल्या आहेत, वाटाड्यास कळवावें.